विहीणबाईंचं स्वयंपाकघर, कुकर लागलेला असताना

चांगलं चालणारं नेट मुद्दाम बिघडवून त्याचा पगार घेणारा माणूस उभ्या मुंबईत एकच असेल, आणि देवाची करणी बघा, तो नेमका माझा व्याही निघावा! लोकांना व्याही मिळतात ते कसे? कुणाचे देवभोळे असतात, कुणाचे चिकट असतात, कुणाचे जेवताना आमटीला नावं ठेवणारे असतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या व्याह्यांना पेटी वाजवायचा नाद आहे. तासभर मान डोलावली की सुटका होते. आमच्या व्याह्यांना नाद आहे नेट अडकण्याचा. फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं की तुम्ही-आम्ही कपाळाला हात लावतो ना? यांचे डोळे चमकतात. खिशातून चपटी वही निघते, घड्याळ बघितलं जातं, आणि आपण कुठे उभे आहोत, किती वाजले, चक्र किती वेळ फिरलं, सगळं बारीक अक्षरात टिपलं जातं. एकदा भर लग्नाच्या पंगतीत, पानावर जिलबी आलेली असताना, हे उठून हॉलच्या जिन्याखाली गेले, का तर म्हणे तिथे फार सुंदर अडकत होतं. सुंदर! आणि मी पडले मुलीची आई. आमच्यात व्याह्यांना उलटून बोलत नाहीत. इतकी वर्षं मी जो राग गिळला आहे त्याचं वजन केलं तर काटा मोडेल.

तसे दिसायला साधे. उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात दोन-दोन मोबाइल, त्यामुळे छाती एका बाजूने पुढे आल्यासारखी वाटते. सारी नोकरी टेलिफोन खात्यात, तक्रारींच्या विभागात. लोकांचे फोन बंद पडायचे आणि हे ऐकून घ्यायचे. निवृत्त झाले तरी कान तिथेच राहिले. "सगळं ठीक आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. चहा दिला आणि विचारलं, गरम आहे ना, तर म्हणणार, "आत्ता आहे." तब्येत कशी आहे? "आत्ता बरी आहे." आमच्या दाराची बेल तीनदा दाबतात, एकदा यायला, आणि दोनदा ती रोज वाजते की आजच वाजली ते बघायला. आमच्या विहीण, म्हणजे यांच्या पत्नी, लग्न ठरायच्या आधीच गेल्या. नाहीतर मी त्या माउलीचे पाय धरून विचारलं असतं, बाई, तुम्ही हे सगळं सोसलंत कसं?

लक्षणं तर साखरपुड्यातच दिसली होती. मुलुंडला त्यांच्या घराजवळचा हॉल, संध्याकाळचा मुहूर्त. भटजी मंत्र म्हणताहेत, जावई अंगठी हातात घेऊन बसलेत, माझी मुलगी लाजायचा प्रयत्न करतेय, आणि फट् करून दिवे गेले. मिट्ट काळोख. पहिल्याच कार्यात अपशकुन! पलीकडून जनरेटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. दिवे आले तेव्हा आमचे होऊ घातलेले व्याही मेन स्विचपाशी उभे, नजर घड्याळावर. "मॅनेजर म्हणत होता, लगेच येतात," ते शांतपणे सांगायला लागले. "लगेच कुठे? केवढा वेळ लागला बघा. लग्नात ऐन मुहूर्ताला गेले असते तर?" म्हणजे गेले नव्हतेच, यांनी घालवले होते! अंगठी तोवर सतरंजीखाली गडप. माझे दोन मामा आणि एक काका, चांगले धोतर-कोट घातलेले, अर्धा तास ओणवे होऊन जमीन चाचपत होते. पुढे लग्नाच्या दिवशी खरंच दिवे गेले आणि पापणी लवायच्या आत परत आले, कारण हॉलवाल्याने त्या दिवसाचा धसका घेऊन जनरेटर दुरुस्त करून घेतला होता. पण हे मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता या माणसाच्या हातात मोबाइलचं ॲप कुणी दिलं? आमच्या जावयांनी. ते अंधेरीच्या एका कंपनीत आहेत. तिथे डायलिसिसच्या खाटांचं ॲप चाललं होतं. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागतं. तर कुठल्या केंद्रावर, कुठल्या वेळेची खाट मोकळी आहे ते घरबसल्या बघायचं आणि बोट लावून घेऊन टाकायची. काम पुण्याचं, यात वाद नाही. जावयांनी सहज म्हणून ते वडिलांना दाखवलं. वडिलांनी ते लिफ्टमध्ये नेलं. दुसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत ॲप मेलेलं. जावई म्हणाले, "बाबा, आम्ही स्लो नेटवर टेस्ट करतो ना. दोन बटणं आहेत. एक मंद, एक अतिमंद." यावर व्याही जे हसले, ते म्हणे दोन दिवस हसत होते. "तुमचं मंद म्हणजे वर्गातलं मंद पोर रे. हळू चालतं, पण सांगितलेल्या रस्त्याने चालतं. खरं नेट तसं नसतं. ते लहरी असतं. धावतं, बसतं, रुसतं, मध्येच पळून जातं." कंपनीतल्या कुणाला तरी हे पटलं आणि निवृत्त माणूस पुन्हा कामाला लागला. काम काय, तर मुंबईभर हिंडून खराब नेट गोळा करायचं.

गोळा करायचं म्हणजे खरंच गोळा करायचं हो! त्या दोन मोबाइलमध्ये ते सगळं नोंदवून घेतात. निरोप जायला किती वेळ, यायला किती वेळ, वाटेत किती हरवले. मग घरी येऊन ते एका काळ्या चपट्या डब्यात भरतात. तो डबा नेटच्या यंत्राला जोडला की मुलुंडला बसून तुम्हाला वाकोल्याच्या पुलाखालचं नेट मिळतं, अगदी जसंच्या तसं, त्याच उचक्यांसकट. लोक आंब्यांबद्दल बोलतात तसे हे त्याबद्दल बोलतात. "वाकोला उशीर करतं, पण मनाने चांगलं. थांबलात तर येतं. देवनारचं मात्र खोटारडं हं, विहीणबाई. वर दांड्या चारच्या चार दाखवेल आणि देणार काही नाही." आणि ट्रॉम्बे? ट्रॉम्बेचं नाव काढलं की आवाज खाली यायचा. तिथली एक गल्ली आहे, दुपारी साडेबाराला, तिच्यासारखं नेट दुसरीकडे नाही, असं ते म्हणायचे. मुलुंडहून आमच्या बोरिवलीला येताना सरळ बस मिळत असली तरी हे दोन बस बदलून आरेच्या झाडीतून येणार, कारण तिथे नेट दम कसा सोडतं ते त्यांना ऐकायचं असायचं. जेवण निवून जायचं ते माझं.

बरं, स्वतःच्या घरी करा काय करायचं ते. एका रविवारी हे आमच्याकडे आले, "पाच मिनिटं फक्त" म्हणून तो डबा आमच्या नेटला जोडला, जेवले, वामकुक्षी केली आणि डबा तसाच विसरून गेले. तीन दिवस आम्ही बोरिवलीत राहून ट्रॉम्बेच्या गल्लीत नांदत होतो आणि आम्हाला पत्ता नाही! मी केबलवाल्याला बोलावलं आणि असं झाडलं झाडलं, की तो बिचारा गच्चीवर जाऊन सगळ्या वायरी बदलून आला. मागून खरं कळल्यावर त्याला घरी बोलावून कांदेपोहे खाऊ घालावे लागले. खाताना सारखा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, आता पुन्हा कशावरून ओरडते म्हणून. आणि बहिणीचं काय झालं ते तर विचारूच नका. ती नाशिकला असते. आम्ही फोनवर एकमेकींना बघत बोलत होतो. ती म्हणाली, बरी आहेस ना? मी म्हटलं, हो. माझं हो वाटेत अडकलं. तेवढ्यात तिने पुढचं विचारलं, "तुझी पितळी परात मी परत दिली नाही म्हणून रागावलीयस का?" आणि माझं हो तिकडे पोचलं ते नेमकं तेव्हा! तिचा चेहरा पडला. मी हसत होते, कारण मला तो प्रश्न अजून यायचाच होता. पंधरा दिवस अबोला. परात मात्र कुरिअरने आली. व्याह्यांना हे सांगितलं तर खजील होण्याऐवजी त्यांनी वही काढली. "किती वेळाने पोचलं तुमचं हो?"

पण या सगळ्यावर कळस चढला तो माझ्या स्वयंपाकघराने. आमची इमारत जुनी, तळमजल्यावरचं घर. स्वयंपाकघराच्या एका भिंतीमागे लिफ्टचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला स्टीलच्या डब्यांची मांडणी, वर माळ्यावर पाण्याची टाकी. तिथे फोन धड कधी लागलाच नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. फोडणी देताना कुणाशी बोलायचंय? व्याह्यांनी तिथे एकदा पाणी प्यायला म्हणून पाऊल टाकलं आणि खजिना सापडल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले. मग हातात फोन धरून ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून खिडकीपर्यंत. "विहीणबाई, तो कुकर जरा लावता का?" कुकरचा आणि नेटचा काय संबंध ते त्यांना माहीत, पण मी लावला, व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? पुढे भाचीच्या घरी बारशाला एक अनोळखी मुलगी हसत हसत माझ्याजवळ आली. जावयांच्या ऑफिसातली होती. म्हणाली, "काकू, तुमचं किचन आमच्याकडे जाम फेमस आहे! आमचं ॲप तिथे हमखास मरतं." मला कळेचना. मग कळलं, की कंपनीच्या यादीत वाकोला, देवनार, ट्रॉम्बे यांच्याही वर, सगळ्यात खराब म्हणून एक नाव आहे: विहीणबाईंचं स्वयंपाकघर, कुकर लागलेला असताना. अहो, ज्या स्वयंपाकघरातून मी चार सणवार, दोन डोहाळजेवणं आणि एक अख्खं लग्न काढलं, चमच्यालासुद्धा कुणी नाव ठेवलं नाही, ते अंधेरीतल्या पोरापोरींना खराब म्हणून माहीत! बारशाचे पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

एवढं झालं तरी मी गप्प होते. घोडं अडलं ते सहीवर. ॲप लोकांसाठी खुलं करायचा दिवस ठरला. मोठ्या हॉटेलात समारंभ, पाहुणे, सगळं पक्कं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. खराब नेटवर तपासलं, ठीक आहे, या रकान्यात व्याह्यांची सही हवी होती, आणि व्याही सही करेनात. सगळं काम जावयांच्या देखरेखीखाली, आणि आडवा पडलेला माणूस त्यांचाच बाप! वरचे साहेब त्यांना म्हणाले, "घरचा माणूस सांभाळता येत नाही, पुढे मोठं काम कसं सांभाळणार?" मुलीचा मला फोन आला, आवाज रडवेला. "आई, वाट लागलीय यार आमची. हे बाबांशी बोलत नाहीत, बाबा ह्यांच्याशी बोलत नाहीत, मध्ये मी. तू बोल ना बाबांशी. तुझं ऐकतील ते."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर लोकांचे फोन नीट करून झाले, आता पोराचा संसार बिघडवायला निघालात? रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं, कोलंबीची खिचडी, काकडीची कोशिंबीर. जावई बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन तोंड पाडून बसलेले, मुलगी त्यांच्या शेजारी, आमचे हे पेपरच्या आड. व्याही आत माझ्याजवळ स्टुलावर बसून काकडी चोचवत होते. हा एक गुण मात्र आहे हं माणसात, काकडी अशी बारीक चोचवतात, की एवढं मला जमत नाही. मी सरळ विषयालाच हात घातला.

"व्याहीबुवा, आज तुमच्याकडे काहीतरी मागायचंय."

"मागा की."

"ती मेली सही करून टाका."

"करतो."

मला धक्काच बसला. एवढ्यासाठी मी आदल्या दिवसापासून वाल सोलत बसले होते?

"आत्ता करतो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त एक खाट घ्या. उद्या सकाळची सातची, घाटकोपरची. इथेच उभ्या राहून. तुमची खाट नोंदली गेली की माझी सही झाली."

"एवढंच ना!" मी हात पुसले. गॅसचा नंबर लावते, लाइटबिल भरते, मला काय अवघड आहे? त्यांच्या फोनवर ॲप उघडलं. माझं नाव घातलं, घाटकोपर निवडलं, सात निवडले, आणि खाट घ्या या बटणावर बोट ठेवलं. ठेवलं न ठेवलं तोच भलीमोठी हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली, आपली खाट नोंदवली आहे, धन्यवाद. त्याच वेळी कुकरने शिट्टी दिली. मी म्हटलं, "घ्या! काढा पेन."

"पेन खिशातच आहे. जावयांना विचारा, केंद्राच्या यादीत तुमचं नाव आलं का."

मी तिथूनच हाक मारली. बाहेर बटणं खडखडली. "नाही दिसत, आई."

"नीट बघा हो."

"नीटच बघतोय. येईल, थांबा जरा."

थांबलो. मी कुकर उतरवला. कोशिंबिरीला दाण्याचं कूट लावलं. बिरड्यावर खोबरं घातलं. "आलं?" "नाही." माझ्या हातात हिरवी खूण, आणि बाहेरच्या यादीत सातची खाट रिकामीच्या रिकामी. मी पुन्हा फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग म्हटलं, "जाऊ दे. माझंच काहीतरी चुकलं असेल. चष्मा नव्हता ना डोळ्यांवर."

व्याह्यांनी सुरी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "नाही! तुमचं काही चुकलेलं नाही, विहीणबाई. कृपा करून हे वाक्य पुन्हा बोलू नका."

मुलगी आणि जावई दारात येऊन उभे राहिले. व्याही काकडीच्या ताटलीकडे बघत बोलायला लागले. "नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. ट्रॉम्बेच्या त्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते. फोन बंद असल्याची तक्रार होती. मी गेलो नाही. ऑफिसात बसून लिहिलं, तपासली, लाइन ठीक आहे, आणि सही केली. तीन महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्याच गल्लीत गेलो, तर फोन बंदच. ते रोज सकाळी उचलून कानाला लावून बघत होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी चहा केला. म्हणाले, साहेब, तुमच्याकडे ठीक आहे असं लिहिलंय म्हणता, मग माझंच काहीतरी चुकत असेल." एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुरी घेतली, पण काकडी केव्हाच संपली होती.

जावई अवघडून म्हणाले, "आई, त्याचं कसंय, लोकांना वाट बघायला आवडत नाही. म्हणून खूण आधी दाखवतो आणि नोंद मागून जाते. ऑफिसात ती लगेच जाते. वाटेत हरवणं क्वचित होतं."

"क्वचित कुणाचं?" व्याह्यांनी विचारलं. अगदी हळू.

आणि मग मला काय झालं कोण जाणे. आमच्या आईने शिकवलं होतं, जावयाला कधी दुरुत्तर करू नये, दारातून उपाशी जाऊ देऊ नये. त्यातलं पहिलं मी त्या दिवशी पार धुऊन टाकलं. "जावईबापू," मी म्हटलं, "मी तुम्हाला पाटावर बसवून ओवाळलंय, त्या हक्काने बोलते. निघायच्या आधीच पोचलं म्हणून सांगायचं, याला आमच्याकडे थाप मारणं म्हणतात. पोस्टमनने पत्र पेटीत पडायच्या आधी सांगावं का, पोचलं म्हणून? उद्या वाकोल्याहून कुणी म्हातारा सूज आलेले पाय घेऊन पहाटे रिक्षाने निघेल. फोनवर तुमची हिरवी खूण. आणि खिडकीतली बाई म्हणणार, आजोबा, तुमचं नाव नाही. त्याला रक्त साफ करून घ्यायचंय हो, सिनेमाची तिकिटं नाही काढायची! तो कुणाला विचारणार? तुम्हाला? तुम्ही अंधेरीत काचेच्या खोलीत, बोट लावलं की सगळं हजर. तो काय म्हणेल माहितीय? माझंच चुकलं म्हणेल. मी म्हटलं ना आत्ता, तस्संच!"

"आई! काय बोलतेयस तू ह्यांना?" मुलगी.

"खरं तेच बोलतेय. आणि तू पण ऐक. सासऱ्यांकडे सही मागायला मला पुढे करतेस, स्वतः एकदा तरी घेऊन बघितलीस खाट?"

आमच्या ह्यांनी पेपर मिटला. हे आमच्या घरात वादळ आल्याची खूण आहे. माझ्या मनात एकच, संपलं, आता जावई उठून जाणार, मुलीचं माहेर तुटलं. जावई उठले खरे. आत आले, वडिलांच्या हातातून फोन घेतला आणि ओट्याला टेकून उभे राहिले. एकदा खाट घेतली. दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. दर वेळी हिरवी खूण, दर वेळी बाहेर जाऊन बघायचं. तीनातल्या दोन हरवल्या. मग म्हणाले, "खिचडी वाढा, आई." आणि जेवले. पोटभर नाही, पण जेवले.

पुढचं त्यांनी एकट्याने केलं. ऑफिसात जाऊन सांगितलं, की दिवस पुढे ढकला. हॉटेल रद्द, पाहुणे रद्द. वर जायची जी पायरी त्यांच्यासाठी ठेवली होती ती दुसऱ्याला मिळाली. माझी मुलगी आठ दिवस फोनवर नुसतं हं आणि हूं करत होती. मी तिला दोष देत नाही. तिचं खरंच नुकसान झालं होतं, आणि त्याला माझी जीभ कारण होती. पण त्या कंपनीतल्या एकालाही वाटलं नाही हो, की या बापलेकांना बोलावून दोन शब्द बोलावेत! चूक सापडली म्हणून ती शोधणाऱ्यावरच राग. हे कुठलं शहाणपण?

महिन्याभराने ॲप बदललं. आता बोट लावलं की खूण येत नाही. आधी येतं, थांबा, तुमची नोंद अजून पोचलेली नाही, आम्ही पुन्हा पाठवत आहोत. पोचली की मगच हिरवी खूण. व्याही ते घेऊन सगळीकडे हिंडले, पुलाखाली, नाक्यावर, त्या गल्लीत साडेबाराला. आणि एका मंगळवारी त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी कंपनीने त्यांना कळवलं, की पुढचं ॲप कपडे मागवण्याचं आहे, त्याला मंद आणि अतिमंद ही दोन बटणं पुरतील. झालं. सुटले ते. मीही सुटले, म्हटलं. पण खरं सांगते, दोन रविवार गेले आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. रागावायलासुद्धा आपलं, हक्काचं माणूस लागतं.

ज्या दिवशी ॲप लोकांसाठी खुलं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे व्याह्यांचा फोन आला. "विहीणबाई, घाटकोपरला जाऊन बसावं म्हणतो. नुसतं बघायला." मी उपम्याचा डबा भरला आणि निघाले. केंद्र लहानसं, बाहेर एक बाक, समोर खिडकी. सातच्या खेपेची माणसं येत होती. कुणी मुलाच्या आधाराने, कुणी काठीने. खिडकीपाशी फोन पुढे करायचे. आतली बाई यादी बघायची. तो एवढासा वेळ व्याही श्वास धरून उभे असायचे. "जा आत," बाई म्हणायची, आणि यांचे खांदे खाली यायचे. पुन्हा पुढचा माणूस. असं शेवटच्या माणसापर्यंत चाललं. सगळे आत गेले. कुणीही म्हणालं नाही, माझंच चुकलं असेल.

बाकावर एक बाई नवऱ्याच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन बसली होती. आम्ही उभे राहून एवढे टक लावून बघतोय हे तिने केव्हाचं हेरलं असावं. तिने व्याह्यांना विचारलं, "तुमचं कोण गेलंय आत?"

व्याही गडबडले. माझ्याकडे बघायला लागले.

"आत यांची सही आहे," मी म्हटलं.

बाईला काय कळलं देव जाणे. तिने मान हलवली, चपलांची पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून आम्हाला जागा केली. "बसा," ती म्हणाली, "चार तास लागतात."

आम्ही बसलो.